गायरान पक्षात बोलणार कोण?

शेंदूरमाळ नावाचं गाव होतं आणि त्या गावापुरता एक पक्ष होता. त्याचं नाव गायरान पक्ष. गावाच्या वरच्या अंगाला दोनशे एकर गायरान होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ते एका कारखान्याला द्यायचं घाटत होतं. तेव्हा रखमाजी तात्या नावाचा अडतीस वर्षांचा माणूस मोजणीच्या साखळीवर आडवा झोपला. पोलिसांनी उचललं, तर पुन्हा येऊन झोपला. गायरान वाचलं. गावानं तात्यांना खांद्यावर घेतलं, पक्ष काढला आणि तात्यांना अध्यक्ष केलं.

तेव्हापासून अध्यक्ष तात्याच. आता ते एकोणऐंशी वर्षांचे होते.

तात्या लबाड नव्हते. आपल्यामागं पक्ष चालवणारी माणसं तयार व्हावीत, असं त्यांना मनापासून वाटायचं. म्हणून दर उन्हाळ्यात ते तरुणांचं शिबिर घ्यायचे. शिबिर तीन दिवस चालायचं आणि तिन्ही दिवस तात्याच बोलायचे. तरुण सतरंज्या अंथरायचे, माईक लागतो का ते बघायला त्यात दोनदा "हॅलो" म्हणायचे आणि शेवटच्या दिवशी सतरंज्या झटकून घडी करायचे. घरी आल्यावर तात्या वैतागून म्हणायचे, "इतकं शिकवतो, पण एकाच्या तोंडातून शब्द फुटेल तर शपथ."

पक्षाच्या युवा आघाडीचा अध्यक्ष हणमंत होता. एकोणतीस वर्षं तोच होता. तो बावन्न वर्षांचा झाला होता आणि मिशांना कलप लावत होता, कारण युवा आघाडीत पांढऱ्या मिशा बऱ्या दिसत नाहीत. त्याला नातू झाला तेव्हा पक्षानं चौकात फलक लावला, "युवा नेते आजोबा झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." हणमंत कामाला वाघ होता. तात्या खोकले, की त्यांना पाणी हवंय की टाळ्या हव्यात, हे त्याला खोकल्यावरून कळायचं. त्यापलीकडचं काही त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी तात्यांच्या घशात एक गाठ निघाली. साधीच होती. डॉक्टरांनी ती काढली आणि बजावलं, "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." तात्यांनी पाटी-पेन्सिल घेतली.

आणि नेमकी त्याच महिन्यात नोटीस आली. गायरानावर खडी फोडायचं मशीन बसवायचा प्रस्ताव होता. गावाची लेखी हरकत गेली होती. तीत इतकी वर्षं पक्ष लिहीत होता तेच वाक्य होतं, "गायरान हा आमच्या गावाचा प्राण आहे." आता आठ दिवसांनी प्रांत कचेरीत सुनावणी होती. तिथं कुणीतरी उभं राहून बोलायला हवं होतं. गायरान गेलं, तर तात्यांनी आयुष्यात कमावलेलं दुसरं काही उरणार नव्हतं.

तात्यांनी पक्षाची माणसं ओसरीवर बोलावली आणि पाटीवर लिहिलं, "हणमंता, मी प्रांत आहे असं समज. बोल."

हणमंत उभा राहिला. शर्ट खाली ओढला. "आदरणीय तात्यांनी सांगितल्याप्रमाणे..." म्हणाला आणि थांबला.

"काय सांगितलं?" पाटीनं विचारलं.

"ते तुम्ही लिहा ना तात्या, म्हणजे मी सांगतो."

तात्यांच्या हातातली पेन्सिल मोडली. एकोणतीस वर्षं हा माणूस आपल्या शेजारी बसला आणि याला दोन वाक्यं जोडता येत नाहीत! त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

दाराशी केशर उभी होती. ती सव्वीस वर्षांची. सात वर्षं पक्षात होती. तिच्याकडे पाहुण्यांना ओवाळायचं काम होतं. बाकी वेळ ती गायरानात शेळ्या चारायची.

"तात्या, मी बोलून बघू का?" ती म्हणाली आणि हो-नाही कळायच्या आत सुरूही झाली. "साहेब, गायरानात आज तीनशे बारा जनावरं चरतात. माझ्या चाळीस शेळ्या धरून. उन्हाळ्यात पाणी फक्त वरच्या टाक्यात राहतं. मशीन बसणार ते त्या टाक्याच्या उशाला. म्हणजे पहिल्याच सुरुंगाला टाकं फुटणार..."

तात्यांनी पाटी जमिनीवर आपटली. मग लिहिलं, "मूळ मुद्दा सोडून शेळ्या काय मोजतेस? प्राणावर बोल!"

"प्राणावर काय बोलू तात्या? त्यांनी विचारलं किती जनावरं, तर प्राण सांगू?"

हणमंताला हसू फुटलं. तात्यांचा चेहरा बघून त्यानं ते खोकल्यात घातलं.

तात्यांनी पाटी पुसली. केशरवर त्यांचा राग नव्हता. पोरगी चुणचुणीत होती. पण प्रांतापुढं पाठवायची म्हणजे काय खेळ आहे का? त्यांनी लिहिलं, "तुला अजून वेळ आहे."

केशरनं वाचलं. "हो, हणमंतकाकांएवढी झाले की बघू," म्हणाली आणि कपबश्या गोळा करून आत गेली.

शेवटी तात्यांनीच तोड काढली. हणमंतानं पुढं उभं राहायचं. तात्या मागं पाटी घेऊन बसणार. तात्या लिहितील ते हणमंतानं बोलायचं. यात चुकायला काही जागाच नव्हती.

सुनावणीच्या दिवशी शेंदूरमाळची चाळीस माणसं कचेरीत गेली. प्रांत म्हणून एक बाई होत्या, तिशीच्या. त्यांना बघून तात्यांना अवघडल्यासारखं झालं. सरकारनं इतक्या लहान मुलीवर एवढं काम टाकावं, याचं त्यांना नवल वाटलं.

हणमंत उभा राहिला. मान मागं वळवून त्यानं पाटी वाचली, मग पुढं बघून म्हणाला, "गायरान हा आमच्या गावाचा." पुन्हा मान मागं. "प्राण आहे." पुन्हा मान मागं.

प्रांतबाईंनी चार वाक्यं सोसली. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही माझ्याशी बोलताय की मागच्या भिंतीशी?"

"मॅडम, आमच्या तात्यांना डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय."

"आणि तुम्हाला?"

 हणमंतानं मागं बघितलं. पाटीवर यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या, "प्राण वगैरे मी कागदात वाचलंय. मला एवढंच सांगा. आज तिथं जनावरं किती चरतात? आणि पाणी कुठं आहे?"

तात्यांनी घाईघाईनं लिहिलं, "१५००." हणमंतानं ते मोठ्यानं वाचलं.

मशीनवाल्यांचे वकील बसल्या बसल्याच हसले. "मॅडम, हा आकडा एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या अहवालातला आहे. आज तिथं कुणी फिरकत नाही. जमीन पडीक आहे."

"आजचा आकडा आहे का तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

हणमंतानं तात्यांकडे बघितलं. तात्यांनी हणमंताकडे बघितलं. गुडघे दुखायला लागल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, तात्या गायरान चढले नव्हते. आकडा परवाच कुणीतरी कानावर घातला होता, पण काही केल्या आठवेना. त्यांना सगळ्यांचा संताप आला. एवढी माणसं आणलीत आणि एकाला साधी जनावरं ठाऊक नाहीत!

शेवटच्या बाकावरून केशर उठली. "मॅडम..." तिनं सुरुवात केली.

तात्यांचा उजवा हात वर गेला. पंजा खालच्या बाजूला करून त्यांनी तो दोनदा हलवला. बस, बस. सभेत, बैठकीत, शिबिरात, मध्येच कुणी बोलायला उठलं की तो हात असाच वर जायचा. सारा पक्ष तो हात ओळखत होता. केशर बसली.

बाई कागद चाळत होत्या. त्यांनी मान वर केली. "कुणी बोललं का?"

चाळीस माणसांनी तात्यांकडे बघितलं. तात्या धोतराच्या सोग्यानं पाटी पुसत होते, काहीतरी चांगलं वाक्य सुचेल म्हणून.  मग बाईंनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. जमीन वापरात असल्याचं हरकतदारांना दाखवता आलं नाही. हरकत फेटाळली."

गायरान गेलं.

बाहेर आवारात माणसं गोळा झाली.  तात्यांनी पाटीवर लिहिलं आणि ती सगळ्यांपुढून फिरवली. "एकालाही उठून बोलता आलं नाही?"

हणमंतानं ते वाचून मान खाली घातली. "चुकलं तात्या," तो म्हणाला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

केशर मात्र पुढं आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. "मी उठले होते तात्या. मला आकडा ठाऊक होता. ओसरीवर तुम्हाला सांगितलाही होता. तुम्ही हात केलात, म्हणून मी बसले. बसायला नको होतं, ही माझी चूक. माझ्या शेळ्यांना आता कुठं नेऊ, ते मला माहीत नाही. पण हात तुमचा होता."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. ते नाटक करत नव्हते. आपण हात केला, हे त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला.

"कधी?"

पाटी सगळ्यांनी वाचली. कुणीच काही बोललं नाही. न बोलायची पक्षाला सवय होती.

तात्पर्य: नवी माणसं पुढं येत नाहीत, असं म्हणण्याआधी पुढाऱ्यानं आठवून बघावं, की उठलेल्या किती जणांना आपणच खाली बसवलं. जो आपली जागा वेळेवर दुसऱ्याला देत नाही, तो आपणच कमावलेलंही राखू शकत नाही.