किन्नरीच्या पंखावरची नावं

डोंगराच्या कुशीत, निळ्याशार तळ्याकाठी काळ्या पाषाणाचं एक देऊळ होतं. हजार वर्षांचं म्हणे. सकाळचं कोवळं ऊन पडलं की त्याच्या भिंतीवरचे इवलेइवले हत्ती, मोर आणि नाजूक वेली सोन्यात बुडवून काढल्यासारख्या चमकायच्या. अशाच एका सकाळी धुळीनं माखलेल्या पायांनी दुर्गी आणि तिचा बाप तिम्मा ते देऊळ बघायला आले.

तिम्मा पाथरवट होता. गावोगाव फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून द्यायचा. पण आता घरोघरी मिक्सर आले, पाट्यावर वाटतंय कोण? कालपासून दुर्गीच्या पोटात अर्ध्या भाकरीशिवाय काही नव्हतं. तरी वाट वाकडी करून बापानं तिला इथं आणलं होतं. हे दगड आपल्यासारख्याच हातांनी घडवलेत, हे पोरीनं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तिम्माच्या घराण्याची एक रीत होती. देवळात पाऊल टाकण्याआधी टाकी-हातोडा पायरीला टेकवायचा, मग हात जोडायचे. तो तेच करत होता आणि नेमके तेव्हाच देवस्थानचे अध्यक्ष गुणवंतराव आले. समोर टाकी घेतलेला फाटका माणूस, आणि भिंतीवरच्या कोनाड्यातल्या किन्नरीच्या, म्हणजे दगडातल्या छोट्या परीच्या, पंखावर ताजी खरवडलेली अक्षरं. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. विचारणं नाही, सवरणं नाही, त्यांनी हत्यारांची पिशवी हिसकावून कपाटात कुलूपबंद केली. उद्या पोलीसपाटील बघतील, म्हणाले. सहलीला आलेली मंडळी नुसती बघत राहिली. तिम्माला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं, पण तेवढं विचारायचं एकालाही सुचलं नाही.

टाकी नाही तर काम नाही, काम नाही तर भाकरी नाही. तिम्मा पायरीवर मान खाली घालून बसला. दुर्गीला मात्र रडू आलं नाही. तिला राग आला, आणि मला विचाराल तर अगदी योग्य आला.

ती तरातरा किन्नरीपाशी गेली. शाळेत येताजाता शिकलेली अक्षरं तिनं जुळवली. एका पंखावर किल्लीनं कोरलं होतं 'बंटी'. दुसऱ्यावर लालभडक ऑइलपेंटनं रंगवलं होतं 'सौजन्य: गुणवंतराव'. हजार वर्षं ऊनपाऊस सोसलेल्या पंखावर! दुर्गीनं परकराचं टोक तळ्यात भिजवलं आणि ते चिमुकले पंख हळूहळू पुसायला घेतले. अक्षरं काही निघेनात. पण दगड ऊबदार झाला, मोरपंखी, गुलाबी, चंदेरी ठिणग्या उडाल्या आणि बोटाएवढी परी तिच्या तळहातावर उतरली.

परी म्हणाली, एकच मागणं माग, तेही ही उन्हाची तिरीप माझ्या कोनाड्यावरून सरकायच्या आत. आणि त्यानं कुणाला इजा होता कामा नये.

'पिशवी' हा शब्द दुर्गीच्या ओठांवर आलाच होता. तेवढ्यात परीनं पंख हलवून बघितले आणि ती कळवळली. तिरीप सरकत होती. दुर्गीनं पायरीवरच्या बापाकडे एकदा बघितलं.

"आधी तुझं दुखणं जाऊ दे," ती म्हणाली. "ज्याचं नाव त्याच्याकडं परत जाऊ दे."

"आणि तुझ्या बाबांची पिशवी?"

"त्यासाठी मी भांडीन."

परी खुदकन हसली. पंखांवरची अक्षरं सुटली, भिरभिरत उडाली आणि ज्याची त्याच्या कपाळावर जाऊन बसली. सेल्फी काढणाऱ्या एका तरुणाच्या कपाळावर 'बंटी', आणि गुणवंतरावांच्या कपाळावर लालभडक 'सौजन्य: गुणवंतराव'. परी पुन्हा कोनाड्यात जाऊन दगडाची झाली. साबण झाला, रॉकेल झालं, पण नावं हलेनात.

दुर्गी कमरेवर हात ठेवून गुणवंतरावांसमोर उभी राहिली.

"माझ्या बाला लिहिता येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला येतं."

गुणवंतरावांना तोंड वर करवेना. त्यांनी कपाट उघडलं, दोन्ही हातांनी पिशवी आणून दिली आणि सगळ्यांसमोर तिम्माची माफी मागितली. मग दगडाला धक्का न लावता देवळावरची सगळी नावं काढायचं काम, रोजची मजुरी आणि दोघांना गरमगरम जेवण तिम्माला मिळालं. बादल्या वाहायला गुणवंतराव आणि बंटी. एकेक भिंत लखलखीत होत गेली, तसं त्यांच्या कपाळावरचं एकेक अक्षर पुसट होत गेलं.

शेवटचं अक्षर गेलं, त्या दिवशी गुणवंतरावांना फार आनंद झाला. ते म्हणाले, तिम्मा, आता इथं तुझ्या नावाची छान संगमरवरी पाटी लावू. बघा, खोड काही जात नाही!

तिम्मानं भिंतीवरून हलकेच हात फिरवला.

"नको साहेब," तो म्हणाला. "ज्यानं ह्ये घडवलं, त्यानं तरी आपलं नाव कुठं लिवलंय?"

ते ऐकलं मात्र, कोनाड्यातून सोनेरी, केशरी, रुपेरी उजेडाचा लोट उठला. स्वच्छ पंख पसरून इवलीशी परी दुर्गीच्या डोक्यावरून एकदा फिरली आणि त्या उजेडात मिसळून गेली. भिंतीवर दगडाची किन्नरी तेवढी राहिली, आणि तिच्या पंखांवर कुणाचंही नाव नव्हतं.