तिठ्यावरची घंटी

एका गावात तीन रस्ते एकत्र येतात असा एक तिठा होता आणि त्या तिठ्यावरून गावात कायम भांडण होतं. उतारावरून उसाच्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर यायचे, तेही ठणाणा गाणी लावून. खालच्या वाटेनं सायकली यायच्या. सायकलची घंटी बिचारी वाजून वाजून किती वाजणार? त्या गाण्यांत ती कुणाच्या कानावर पडायची नाही.

गावात एक फुलवाली होती. पुढे फुलांची पाटी, मागे कॅरिअरवर छोटी लेक बकुळ, अशी ती रोज सकाळी निघायची. आधी बकुळची शाळा, मग बाजार. एकदा तिठ्यावर ट्रॅक्टर अंगावर आला आणि मायलेकी रस्त्याकडेच्या चारीत पडल्या. बकुळचं कोपर सोललं. फुलवाली तडक गावच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"शाळेच्या वेळेला ट्रॅक्टर बंद करा. आज कोपरावर निभावलं, उद्या काय?"

ट्रॅक्टरवाले नाना उसळले. "वा गं वा! तोडलेला ऊस काय उन्हात वाळत ठेवू? सायकलवाल्यांनीच जरा बघून चालवावं की!"

झालं! निम्मं गाव इकडे, निम्मं तिकडे. कुणीच ऐकेना.

आता त्या गावची एक गमतीची रीत होती. वाद मिटेना झाला की भांडणाऱ्या दोघांनी एक दिवस एकमेकांची जागा घ्यायची. बैठकीतली म्हातारी आजी म्हणाली, "उद्या फुलवाली नानांच्या ट्रॅक्टरवर त्यांच्या मुलाशेजारी बसेल. नाना तिची सायकल चालवतील. पाटीसकट आणि पोरीसकट."

"हात्तिच्या, त्यात काय एवढं!" नाना म्हणाले. लेकीला सोपवायला फुलवालीचं मन होईना, पण रीत ती रीत.

सकाळी नाना निघाले. सायकल अशी डुगडुगत होती की बघणारे पोट धरून हसले. बकुळ मात्र शहाण्यासारखी बसली होती. तिठा जवळ आला तशी ती म्हणाली, "आजोबा, मी आता डोळे मिटते हं."

"का गं बाळा?"

"आईनं सांगितलंय. तिठा ओलांडेपर्यंत डोळे मिटून तिला घट्ट धरायचं."

"आणि आई? तीही मिटते?"

"आईनं मिटले तर सायकल कोण चालवणार?"

तेवढ्यात उतारावरून गाणी ऐकू आली. त्यांचाच ट्रॅक्टर होता तो आणि चालवत होता त्यांचाच मुलगा. नानांनी घंटी वाजवली, पुन्हा पुन्हा वाजवली. त्यांची त्यांनाच ती ऐकू येईना. घंटीच्या नादात पाय पेडलवरून सुटले आणि सायकल रस्त्याच्या मधोमध थांबली.

मुलाशेजारी बसलेल्या फुलवालीला आपली पाटी दिसली. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "थांबव रे!" मुलानं ब्रेक दाबला. पण मागून भरलेल्या ट्रॉल्या ढकलत होत्या. ट्रॅक्टर घसरत घसरत आला आणि सायकलपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला.

नानांनी बकुळला पोटाशी धरलं होतं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "आजोबा, गेला का ट्रॅक्टर?" तिनं विचारलं. नानांसारखा एवढा मोठा माणूस ढसाढसा रडत होता.

फुलवालीनं धावत येऊन लेकीला घेतलं. मग म्हणाली, "नाना, मला वाटायचं तुमचा मुलगा मुद्दाम थांबत नाही. ब्रेक दाबूनही थांबत नाही हो तो ट्रॅक्टर!"

"म्हणून तर पोरी," डोळे पुसत नाना म्हणाले, "शाळा भरेपर्यंत उताराला लागायचंच नाही. ऊस थोडा वाळला तर वाळू दे."

तेव्हापासून सकाळी ट्रॅक्टर उताराच्या माथ्यावर चिंचेखाली थांबतात. शाळा भरली की मगच उतरतात, तेही गाणी बंद करून. नानांनी तर ट्रॅक्टरला सायकलची घंटी बसवून घेतली आहे. गाव हसतं, नानाही हसतात. दुपारी शाळेतून परतताना ट्रॅक्टरची ती घंटी ऐकू आली की बकुळ आईच्या मागून हात लांबवून आपली घंटी वाजवते. आणि आता तिठा ओलांडताना ती डोळे मिटत नाही.

तर मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, तात्पर्य एवढंच: ज्या रस्त्यावर लेकरू भीतीनं डोळे मिटतं, तिथे आधी मोठ्यांनी थांबायचं असतं.