पोपटकाकूची करकर

फार फार पूर्वी, समुद्राला अजून कुणी नावही दिलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. उथळ निळ्या पाण्यात पोवळ्यांची एक वाडी होती. तिथे एक पोपटमासोळी राहायची. अंग हिरवं-निळं, पर गुलाबी, आणि तोंडाला पोपटासारखी चोच. सगळे तिला पोपटकाकू म्हणत.

उजाडलं की काकू कामाला लागायची. पोवळ्यांवरचं शेवाळ चोचीनं खरवडून खायची. करकर, करकर! त्याबरोबर दगडाचा चुराही पोटात जायचा आणि त्याची पांढरी वाळू होऊन मागून पडायची. हसू नका, त्याच वाळूत वाडीतली पोरं खेळायची.

एके दिवशी खेकडेराव तिच्याकडे आले. वाडीत त्यांचा शब्द चालायचा.

"काकू, तुमच्या करकरीनं डोळ्याला डोळा लागत नाही. शिवाय घरं आमची अन् ओरखडे तुमचे! राहायचं असेल तर हे बंद करा. नाहीतर वाट धरा."

काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा जन्म याच वाडीत गेलेला, जाणार कुठे? ती कडेच्या एका कपारीत गप्प जाऊन बसली. वाहून येईल ते गिळायचं आणि पडून राहायचं. चोच झिजेना, तशी ती वाढत गेली. पुढे तोंडही धड मिटेना. बिचारी सांगणार कुणाला?

वाडीत मात्र आनंदीआनंद होता. महिनाभर सगळे गाढ झोपले. मग शेवाळ वाढलं. आधी उंबऱ्यावर, नंतर भिंतींवर. पोवळी जिवंत असतात, त्यांना ऊन लागतं. ते मिळेना, तशी ती फिकी पडू लागली. खेकडेरावांनी नांग्यांनी शेवाळ उपटून पाहिलं, पण दोन दिवसांत पुन्हा तेवढंच!

शेवटी ते कपारीशी आले. खेकड्याला मान नसते, नाहीतर त्यांनी ती खाली घातली असती.

"काकू, घर मरतंय हो आमचं. चुकलंच माझं. चला ना."

काकूला राग यायला हवा होता. पण ती फिकी पोवळी पाहून तिला भरून आलं. वाढलेल्या चोचीनं पहिला घास खरवडताना कळ पार मस्तकात गेली. तरी ती थांबली नाही. करकर, करकर.

अर्धी पोवळी वाचली. अर्धी गेली ती गेलीच.

तेव्हापासून एखाद्या सकाळी करकर ऐकू आली नाही, की खेकडेराव लगबगीनं बाहेर येतात आणि विचारतात, "काकू, बरं आहे ना?"

तात्पर्य: ज्याच्या कामाचा आवाज आपल्याला खुपतो, त्याच्याच कामावर आपलं घर उभं असू शकतं.