पिस्टनमधले पेले

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तिथल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात घाटाच्या पायथ्याशी ट्रकवाल्यांचं एक गाव होतं. मीठ भरायचं, घाट चढायचा आणि पलीकडच्या खोऱ्यात माल उतरवायचा, एवढाच गावाचा उद्योग.

घाटात धुकं होतं. दिवस कलला की ते दरीतून वर सरकू लागे. त्याच्या आधी माथा ओलांडला तो वाचला. ज्याला धुक्याने गाठलं, त्याचा ट्रक सकाळी रस्त्यात उभा सापडे. मीठ जागच्या जागी, दारं आतून बंद, आणि आत कुणीच नाही.

असा माणूस गेला की त्याचा पाणी प्यायचा पितळी पेला वितळवायचा आणि घरच्या ट्रकच्या पिस्टनच्या पोटात ओतायचा, अशी गावाची रीत होती. गेलेला माणूस आपल्याबरोबर चालतो, असं लोक मानत.

गावातली इंजिनं एक मुलगी जोडायची. दार वाजलं तरी दचकणारी. तिचे आजोबा, काका आणि शेवटी वडीलही धुक्यात गेले होते. आता घरच्या ट्रकवर तिचा भाऊ होता. यंदा धुकं पूर्वीपेक्षा भरभर चढत होतं, आणि उद्या पाळी त्याची होती.

"चढाला गिअर खालचाच लागतो," ती आईला म्हणाली. "मग इंजिननंच जास्त जोरात फिरायला हवं. आणि फिरताना फुटायला नको."

"फुटलंच तर पहिली तू पळशील," भाऊ हसत म्हणाला.

"पळेन की. तू मात्र आत असशील, दादा."

तो हसायचा थांबला.

तिने इंजिन उघडलं. कडक स्प्रिंगा घातल्या, नवे बोल्ट घातले, मग पिस्टन एकेक करून तराजूत टाकले. कुणाचा पेला मोठा, कुणाचा लहान. दोन पिस्टन काही सारखे भरेनात. सावकाश फिरताना हा फरक कळत नाही. वेग वाढला की तोच इंजिनला आतून हिसके देतो. ती कानस घेऊन जादा पितळ काढत बसली.

वडिलांचा पिस्टन उचलला तशी आईने त्यावर हात ठेवला. "याला कानस लावायची नाही."

तिने तो तसाच बसवला.

दुपारी इंजिन सुरू केलं. आधी सगळं ठीक होतं. वेग वाढवला तसा ट्रक थरथरू लागला, बॉनेटवर ठेवलेला पाना सरकत सरकत खाली पडला. आणि त्या थरथरीतून आवाज आला. हळू, ओळखीचा.

"ये बाळा. ये."

आईचे डोळे भरून आले. "ऐकलंस? बोलावतायत."

भावाने ट्रकचं दार उघडलं होतं. त्याची नजर घाटाकडे लागली होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मुलीने झटकन इंजिन बंद केलं. "ऐकलं," ती कशीबशी म्हणाली. "पण कुणाला बोलावतायत, आई?"

आईने मुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "खोल परत. आण ती कानस इकडे."

पितळाचा कीस आईच्या मांडीवर पडत राहिला. तराजूची दांडी आडवी झाली तेव्हाच तिने हात थांबवला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी पायथ्याशी उभ्या होत्या. धुकं दरीतून वर निघालं, तसा घाटात इंजिनचा आवाज चढला. एकसारखा, ताणलेल्या तारेसारखा. मग धुक्याने सगळा घाट झाकला आणि काही ऐकू येईना.

भाऊ परतला तो पुढच्या दुपारी. त्याने आधी पाणी मागितलं.

"धुक्यात माणसं उभी होती," तो म्हणाला. "रस्त्याच्या कडेला, हात वर करून. गाडी थांबवायला करतात तसे. एकाचा खांदा बाबांसारखा उतरलेला होता."

"आणि इंजिन?" आईने विचारलं.

"इंजिन काही बोललं नाही. म्हणून मी थांबलो नाही."

त्यानंतर गावाने पेले वितळवणं सोडलं, आणि पिस्टनमधलं पितळ काढून त्याचे पुन्हा पेले घडवले. ते घराघरांत फळीवर पालथे ठेवलेले असतात. गावातला ट्रक पुन्हा कधी रिकामा सापडला नाही.

गेलेल्यांची आठवण घरात जपावी. वाटेवर निघालेल्याला तिचं ओझं देऊ नये.