कात्रीची धास्ती

घरोघरी खिडकीत मनीप्लँट आला, त्या काळची गोष्ट. वत्सलामावशींची वेल पडद्याच्या दांडीवरून पार दारापर्यंत पोहोचली होती. बुडाशी मात्र एक पान उरलं नव्हतं. एका सकाळी मावशींनी शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली. कात्रीचा जीव खालीवर झाला.

"माफ कर गं बाई," ती वेलीला म्हणाली, "माझ्या पात्यात सापडलेलं आजवर पुन्हा वाढलेलं नाही."

"घाबरतेस काय? पेराच्या खाली काप म्हणजे झालं!" वेल हसली.

मावशींनी तुकडे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, पाण्यात ठेवले. पंधरा दिवसांत पेरापेराला पांढरी मुळं फुटली, बोडक्या बुडालाही कोंब आले. शेजारणी एकेक तुकडा हौसेनं घेऊन गेल्या.

आता मावशींनी डबा उघडला, की कात्री आधीच सगळ्यांच्या वर येऊन बसलेली असते.