आवरलेला संडास

तालुक्याच्या एका गावात एकदा एका शिष्याची सारी विद्या एका थेंबापाशी येऊन अडली.

गुरू म्हणजे गावातले वयोवृद्ध नळमिस्त्री. सगळे त्यांना तात्या म्हणत. शिष्य सोपान, चाळिशीचा बाप्या. सूतगिरणी बंद पडली तेव्हा तात्यांच्या हाताखाली आला, दोन वर्षं निष्ठेनं शिकला आणि आता एकट्यानं कामं घेऊ लागला होता. हात चांगला, बोलणं गोड. पण दुसऱ्या मजल्यावरच्या सरलाकाकूंच्या घरानं त्याची झोप उडवली होती.

काकूंचे यजमान बापू यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. उकिडवं बसायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून संडासात कमोड आला. आणि पंधरा दिवसांत कमोडचं भांडं आणि त्यावर बसवलेली पाण्याची टाकी यांच्या सांध्यातून पाणी झिरपू लागलं. फरशी सदा ओली. एका सकाळी बापूंचा पाय सरकला. चौकट हाताला आली म्हणून वाचले, पण मनात भीती बसली ती बसलीच. जाणंच नको म्हणून त्यांनी पिणंच कमी केलं. चहा अर्धा कप, पाणी घोटभर. डॉक्टर चिडून म्हणाले, "हाड जुळेल हो, पण असं कोरडं राहिलात तर मूत्रपिंडं हात वर करतील." बापू मान डोलवायचे आणि पेला बाजूला सारायचे.

सोपान तीनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा त्यानं टाकीखालचं जाड रबर बदललं. दुसऱ्यांदा दोन्ही बोल्ट नवे घातले. तिसऱ्यांदा सांध्याभोवती पांढऱ्या सिमेंटचा असा थर चढवला, की जणू वाड्याच्या बुरुजाची डागडुजी. प्रत्येक वेळी त्यानं पाच-सहा वेळा पाणी सोडून पाहिलं. टिपूस नाही! आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन, "सोपान, परत रे."

जिन्यासमोरच्या शेजारीण कुमुदताई तर दार उघडं टाकून वाटच बघायच्या. "काय सोपानराव, आज काय लावणार? शेंदूर लावून बघा, निदान नमस्कार तरी करता येईल."

चौथ्यांदा जायची वेळ आली तेव्हा सोपान तात्यांपुढे जाऊन उभा राहिला. "तात्या, मला हे काम येत नाही. त्या घरात मला आता तोंड दाखववत नाही. म्हातारा माणूस तहानलेला बसतोय माझ्यापायी."

तात्या उठले. चपला घातल्या आणि निघाले.

काकूंना आधी निरोप गेला होताच. संडास लख्ख. फरशी घासलेली, बादल्या गॅलरीत, झाडू दाराआड, भिंतीशी वासाची उदबत्तीसुद्धा. परका माणूस घरात यायचा म्हणजे निदान पसारा तरी दिसू नये, ही आपल्या घरोघरची रीत. सोपाननं पिशवीतून पाना काढला. तात्यांनी त्याचा हात धरला.

"थांब. काकू, इथलं जे जे हलवलंत ना, ते सगळं परत होतं तसं मांडा."

काकू बावचळल्या. "अहो तात्या, एवढं आवरलंय मी तुमच्यासाठी!"

"तेच म्हणतो. माझ्यासाठी नको. आमच्यासाठी आवरलेला संडास आम्ही काय बघायचा? तुमचा दाखवा."

दारातून कुमुदताई पुटपुटल्या, "म्हातारपणी बुद्धी फिरते ती अशी." सोपानला स्वतःलाही काही उमगेना. गळती काढायला आलेला माणूस पसारा मांडायला सांगतो, हे काय?

काकूंनी नाइलाजानं एकेक वस्तू आणली. बादली. पाण्याचा मग. फिनेलची बाटली. झाडू. आणि सगळ्यात शेवटी गॅलरीतून पाण्यानं गच्च भरलेला, तोटी असलेला एक पंधरा लिटरचा कॅन, दोन्ही हातांनी, दम खात आणला आणि टाकीच्या झाकणावर डाव्या अंगाला ठेवला. गावात एक दिवसाआड नळाला पाणी. गच्चीवरची टाकी दुपारी रिकामी होते. मग फ्लश दाबून उपयोग नसतो.

तात्यांनी कळ दाबली. पाणी खळाळलं आणि उजव्या बाजूनं, सिमेंटच्या थराला गेलेल्या बारीक भेगेतून, एक थेंब बाहेर आला. पाठोपाठ दुसरा.

सोपान ओरडलाच, "काकू! अहो, हा कॅन ठेवता इथं? एवढ्या वजनानं टाकी कलते, रबर एका अंगाला दबतं, दुसऱ्या अंगाला सुटतं! मी काय करणार मग? हा कॅन इथं ठेवायचा नाही, सांगून ठेवतो!"

काकूंचा चेहरा पडला. आतल्या खोलीतून बापूंचा आवाज आला, "मग मी पाणी घेऊ कुठून, सोपान? बादलीला वाकायची मला बंदी आहे. बसल्या जागी हात पुरावा म्हणून ती रोज कॅन वर चढवते. तिचीही कंबर काही नवी नाही."

सोपाननं हातातला पाना खाली ठेवला.

तात्या म्हणाले, "बापू, तेवढे इथं येऊन बसा बरं. सोपान, पेन्सिल घे."

बापू वॉकर सरकवत आले, कमोडवर बसले, हात लांब केला. तो जिथं सहज पोचला तिथं सोपाननं भिंतीवर खूण केली. तासाभरात खालच्या दुकानातून दोन लोखंडी कोन आणि एक फळी आली. भिंतीत फळी ठोकली आणि कॅन तिच्यावर गेला. मग सिमेंट खरवडून सांधा उघडला. नवं रबर बसवून दोन्ही बोल्ट एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे असे समान आवळले. आता पाणी सोडलं, पुन्हा सोडलं, दहा वेळा सोडलं. सोपाननं सांध्याखाली कोरडं वर्तमानपत्र फिरवलं. ते कोरडंच राहिलं.

हात धुता धुता तात्या बोलू लागले. "तिन्ही वेळा तुझं काम चोख होतं, सोपान. फक्त ज्या संडासाचं केलंस, तो या घरात नव्हताच. तू यायचास म्हणून काकू तो आवरायच्या, तू बरा करून जायचास, आणि तुझी पाठ वळली की माणसं आपल्या नित्याच्या संडासात परतायची. आजार त्या नित्याच्या जागी होता. आणि आज कारण सापडल्याबरोबर तू काय केलंस? काकूंना दटावलंस. अरे, तो कॅन खोडसाळपणानं तिथं ठेवलेला नव्हता. बापूंच्या सोयीला घरात जागा नव्हती, म्हणून ती टाकीच्या डोक्यावर बसली. निव्वळ हटवला असता, तर परवा पुन्हा तिथंच आला असता. गरजेला मनाई करून भागत नाही, तिला जागा करून द्यावी लागते."

सोपान काकूंकडे वळला. "काकू, चुकलो. आवाज चढवायला नको होता."

"जाऊ दे रे," काकू म्हणाल्या. "मीही कधी सांगितलं नाही. म्हटलं, प्लंबरला काय सांगायची ही घरातली रड?"

आठ दिवसांनी सोपान पुन्हा दुसरा मजला चढला. बापूंनीच वॉकर टेकत दार उघडलं. चेहऱ्यावर तकाकी होती, आत खाटेच्या उशाशी पाण्याचा तांब्या अर्धा संपलेला होता.

"कुणी बोलावलं तुला? टिपूस नाही गळत."

"ठाऊक आहे," सोपान म्हणाला. आज त्याच्या हातात पिशवी नव्हती. "मी तुम्हाला बघायला आलो."

तो बसला. जरा वेळानं बापू आपणहून म्हणाले, की रात्री उठताना खाटेच्या कडेला धरायला काही नसतं, भिंत लांब पडते. काकूंना हे बापूंकडून पहिल्यांदाच कळत होतं. सोपाननं काही उपाय सांगितला नाही. तो ऐकत राहिला, आणि सगळं ऐकून झाल्यावर मगच खाटेपाशी जाऊन बापूंना म्हणाला, "कसे उठता, ते मला दाखवा."

माणसं आपल्यासमोर स्वतःला आवरून बसतात. ती जशी राहतात तशी दिसेपर्यंत दुरुस्तीची घाई करू नये.