तीन चिंचोके

एका बंदराच्या गावी एक वृद्ध गुरुजी फ्रेंच शिकवीत. त्यांची पद्धत न्यारी होती. क्रियापदाचं रूप उच्चारताना त्याचे जितके तुकडे पडतात, तितके चिंचोके शिष्याने पुढे सरकवायचे. लिहिलेलं पण न उच्चारलेलं अक्षर असेल, तर त्याला चिंचोका नाही.

त्यांच्याकडे द्वारकाबाई येऊ लागल्या. निवृत्त शिक्षिका. एकुलता एक मुलगा जहाजावर खलाशी होता. फ्रान्समधल्या एका इस्पितळात तो वारला. कंपनीचं पत्र आलं, तेही एका ओळीचं. शेवटी त्याच्याजवळ असलेल्या परिचारिकेने फोनवर बोलायचं कबूल केलं होतं. ‘दुभाषा नको, तो गाळून सांगेल,’ असं बाईंचं म्हणणं. ‘बोलणे’ हे त्यांचं पहिलं क्रियापद. सहा महिन्यांत त्यांनी पुष्कळ मजल मारली.

फोनच्या आदल्या दिवशी गुरुजींनी वही मिटली आणि एकच वाक्य घोकायला लावलं. इ-ले-मॉर. तो मेला. तीन चिंचोके. पुन्हा. पुन्हा. चाळिसाव्या खेपेला बाईंनी चिंचोके भिरकावून दिले.

“तुम्हाला काळीज आहे की नाही, गुरुजी?”

गुरुजी वाकून चिंचोके वेचू लागले. म्हणाले, “बाई, माझी पत्नी गेली तेव्हा डॉक्टर बराच वेळ बोलत होते. ‘गेल्या’ एवढं ऐकलं आणि माझे कान मिटले. तिने काही निरोप ठेवला होता का, मला आजतागायत ठाऊक नाही. डॉक्टरही आता हयात नाहीत. तुम्हाला जे हवं आहे, ते या वाक्याच्या पलीकडे आहे. उद्या इथेच कोसळलात तर तिथवर पोचणार नाही. या घोकण्याने दुःख तसूभरही कमी व्हायचं नाही.”

बाईंनी चिंचोके पुन्हा हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींच्या ओटीवर फोन लागला. ते वाक्य आलं. बाईंनी तीन चिंचोके सरकवले आणि विचारलं, “शेवटी काय म्हणाला तो?”

पलीकडून हळू आवाज आला. इल-पार-ले. तो बोलत होता. अखेरपर्यंत बोलत होता. त्याची भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती.

फोन ठेवल्यावर गुरुजींनी विचारलं, “कळलं सगळं?”

“अक्षर न् अक्षर कळलं,” बाई म्हणाल्या. “त्याचं मात्र कुणाला कळलं नाही हो.”

आणि मग, सहा महिन्यांत पहिल्यांदाच, त्या मोठ्याने रडल्या. गुरुजी शेजारी बसून राहिले.